रविवारी घर दाखवायचं आहे

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार, मग कुशल. तू पाकिटावर ‘बोका, संस्कृतचे मास्तर’ एवढाच पत्ता घालतेस. परिणामी पोस्टमन हल्ली फाटकातून ‘बोकासाहेब’ अशी हाक मारतो, आणि जिच्यावर मी इतकी वर्षं विद्वत्तेचा धाक ठेवला ती शेजारीण खिडकीतून खुदकन हसते. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाची अशी विटंबना कुठल्याही शास्त्राला संमत नाही.

आता आपल्या धाकटीचं. घटस्फोट झाला, पण घर दोघांच्या नावावर. कोणीच हक्क सोडेना, म्हणून ते विकून पैसे निम्मेनिम्मे करा असा कोर्टाचा हुकूम आहे. विकेपर्यंत दोघं तिथंच. ओट्यावर मधोमध चिकटपट्टी लावली आहे. पलीकडचं मीठ मेहुण्यांचं, अलीकडचं हिचं. हा मिठाचा सत्याग्रह नव्हे, मिठाची फाळणी! दर रविवारी कोर्टाने नेमलेले वकील गिऱ्हाईक घेऊन येतात.

परवाच्या रविवारी मीही गेलो होतो. दार उघडलं आणि आतून असा दर्प आला की मी दोन पायऱ्या खाली उतरलो. वर्गात बीभत्स रस शिकवताना मी उदाहरणासाठी चाचपडतो. यापुढे चाचपडणार नाही. गिऱ्हाईकबाईंनी नाकाला रुमाल लावून धाकटीलाच विचारलं की घरात कोणी वारलं होतं का. त्यांच्या यजमानांनी न विचारता तिचं कपड्यांचं कपाट उघडलं, आतले कपडे हाताने बाजूला सारले आणि खोली मोजली. वकीलसाहेब जिन्यातूनच उंदीर मेला असेल, उंदीर मेला असेल असं म्हणत राहिले.

माझ्या मते हे मेहुण्यांचंच काम. गिऱ्हाइकं पळवायची, भाव पाडायचा आणि घर घशात घालायचं. महिनाअखेर कोणी पुढे आलं नाही तर लिलाव होईल, येईल त्या किमतीला. मग धाकटीला एका खोलीची जागाही घेता यायची नाही. तूर्त मी माझी पुस्तकांची खोली रिकामी करतो आहे. घर गेलं की ती माझ्याकडे येईल.

लोभ आहेच, तो पाकिटावरही दिसू दे.
तुझा,
बोका

१६ जून

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघितलंस ना? पत्ता तोच आहे. पोस्टमनला माझा नमस्कार सांग.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. लग्नातच या माणसाने खरकटा हात पडद्याला पुसला होता. मी तेव्हाच आईच्या कानावर घातलं, तर ती म्हणाली की तुला माणसांची पारख कमी. बघ आता! पण नुसता रस ओळखून काय उपयोग, मास्तर? येत्या रविवारी गिऱ्हाइकाच्या आधी जा. फिनेल ने, झाडू ने, आणि त्याला रंगेहाथ धर. वकिलांसमोर उभा कर. तिथे समास सोडवत बसू नकोस.

धाकटी मला फोनवर फक्त बरी आहे म्हणते. जेवते का ते बघ. आपल्या तिघांत तीच नाजूक. झुरळ दिसलं तर पलंगावर चढायची.

सांभाळून राहा, आणि गेल्यासारखं काहीतरी करून ये.
ताई

२१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे लवकर गेलो. दार उघडंच होतं. मेहुणे बाहेरच्या खोलीत गुडघ्यांवर बसून, तोंडाला फडकं बांधून फरशी घासत होते. शेजारी बादली. मला पाहून ओशाळले आणि पुटपुटले की रोज घासतो, पण वास कुठून येतो तेच कळत नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. धाकटीने फ्रीजच्या मागे हात घातला होता. हातात कागदाचा ओला पुडा. त्यात माशांची आतडी आणि डोकी होती, त्यांच्यावर काहीतरी वळवळत होतं. तिने तो नीट आत सरकवला, जसा कोणी डबा फळीवर ठेवावा. मग वळली आणि मला म्हणाली की आज लवकर आलास, बस, चहा टाकते.

मी काय विचारलं ते आठवत नाही. ती शांतपणे म्हणाली की घर विकलं की हा सुटला. दुसरीकडे जाईल, नवं बिऱ्हाड थाटेल, रात्री शांत झोपेल. इथे आहे तोवर झोपू देणार नाही. मी लिलावाचं बोललो, तिचंही नुकसान होईल म्हणालो. तर हसून म्हणाली की होऊ दे, मास्तर, त्याचंही होईल.

गिऱ्हाईक आलं आणि उंबऱ्यातूनच परतलं. वकील म्हणाले की आता लिलावाचंच लिहून देतो. मी वकिलांना काही सांगितलं नाही, मेहुण्यांनाही नाही. पुडा मी उचलून टाकला. ती दुसरा आणेल.

ताई, ती जेवते. त्याच ओट्याशी उभी राहून, त्या वासात, पोटभर जेवते. निघताना तिने त्याच हाताने मला बिस्कीट दिलं आणि मी हात मागे घेतला. लहानपणी तिचं उष्टं खाल्लेला मी. तिने पाहिलं का, माहीत नाही.

खोली रिकामी झाली आहे. पुढच्या महिन्यात ती येईल, समोर बसून जेवेल. घराचं काय व्हायचं ते होवो. मला आपल्या धाकटीची किळस आली आहे, आणि ती मला लपवता येणार नाही, याची भीती वाटते.

बोका