शनिवारी मिक्सरवर कोण

सोमवार, सकाळी

प्रिय चिऊ,

आशीर्वाद. आईच्या हातचं खाऊन एव्हाना गाल वर आले असतील तुझे. माझं इकडे ठीक चाललंय. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. हल्ली फोनवर माणसं तोंडात घास धरून बोलतात, काही कळत नाही. पत्र बरं. कुरियरवाला उद्या देतो म्हणालाय.

आधी बातमी. तो येतोय! शनिवारी, आपल्या हॉलमध्ये, आपला गिटारवाला. त्याला आपण कोण ते ठाऊकसुद्धा नाही, पण तू शाळेत होतीस तेव्हापासून माझ्या खोलीत दुसरं काही वाजलेलं नाही, म्हणून आपला. मॅनेजरनी सांगितलं तेव्हा मी केबल गुंडाळत होतो. ती तशीच गळ्यात घालून चहाला गेलो. गिटारला वायर जोडू देत नाही म्हणे तो. समोर फक्त दोन माइक, म्हणजे खुर्ची कुरकुरली तरी शेवटच्या रांगेला कळणार. म्हणून काल स्टेजवरच्या सगळ्या खुर्च्यांवर बसून, हलून, डुलून पाहिलं. पहारेकरी म्हणाला, "स्वतःचं लग्न असल्यासारखं काय चाललंय मामा?" एकही खुर्ची कुरकुरली नाही. त्याने मात्र त्यातल्या दोन उचलून बाजूला नेल्या. का नेल्या, ते मी विचारलं नाही.

शर्टही इस्त्रीला दिलाय. या वयात.

आता त्या नाटकाच्या दिवसाचं. खरं तर ते लिहायचंच नाही असं ठरवून बसलो होतो. पण तू निघून गेलीस त्याला आठवडा होत आला, आणि मी खुर्च्यांच्या गोष्टी सांगतोय. पुढच्या रांगांतली माणसं कानांवर हात ठेवून बसली होती. तू आवाजाच्या मिक्सरकडे हात नेलास तो मी झटकला. मध्यंतरात नटांसमोर, पडदेवाल्यासमोर, कपडेवाल्या बाईंसमोर ओरडलो, "कानात बोळे घातलेत का गं? सगळी बटणं फिरवून ठेवलीस!" तू पिशवी उचललीस आणि गेलीस.

बटणं मीच फिरवली होती.

मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, चिऊ. लिहिलं एकदाचं. लहानपणी तुला मांडीवर बसवून शिकवलं होतं ना, सूर सगळेच ऐकतात, त्याचं बोट तारेवरून सरकतं ते ऐक, म्हणून? परवा तीच रेकॉर्ड लावली. सूर होते, बोट नव्हतं. नवा हेडफोन आणला, तरी नव्हतं. मग जाऊन दुकानदाराशी भांडलो. त्याने बिचाऱ्याने तो स्वतःच्या कानाला लावला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला सगळं गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. म्हणून मी वाढवत जातो, आणि मला जेमतेम बरं वाटेपर्यंत बाकीच्यांचे कान फाटतात.

तर माझं म्हणणं असं. तू शनिवारी ये आणि माझ्या मागे बस. आवाज टोचायला लागला की माझ्या पाठीला हळूच बोट लाव, मी कमी करीन. कुणाला कळायचं नाही. हा एक कार्यक्रम माझ्या हातून होऊ दे, मग मी आपणहून बाजूला होईन.

दुपारी

वरचं पुन्हा वाचलं आणि स्वतःची शिसारी आली. चारचौघांत तुझी अब्रू काढली, त्याबद्दल माफीचा शब्द नाही, आणि वर मागतोय काय, तर माझी झाकून ठेव. फाडून टाकणार होतो. पण राहू दे, तुझा मामा काय लायकीचा आहे ते तुला दिसू दे.

मग उठलो आणि मॅनेजरच्या खोलीत गेलो. म्हटलं, माझे कान गेलेत, शनिवारी मला बसवू नका.

ते म्हणाले, "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. तुम्ही आवाज लावून चहाला गेलात की तुमची भाची मागे जाऊन ऐकायची आणि परत येऊन कमी करायची. मी म्हटलं, मामांना सांगूया. तर म्हणाली, सांगाल तर मी नोकरी सोडेन."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी तुम्ही चहाला गेलातच नाही. मोठे नट आले होते ना, जागचे हलला नाहीत."

मी तिथेच स्टुलावर बसलो, चिऊ. वर्षभर मला वाटत होतं की अजून हात बसलेला आहे आपला. त्या दिवशी नटांसमोर तू एवढंच म्हणाली असतीस, मामा तुझे कान गेलेत, तर सुटली असतीस. तू माझी लाज राखलीस आणि मी तुझी घालवली. मला माफ कर असं लिहायलासुद्धा हात रेटत नाही. तरी लिहितो. माफ कर.

पडदेवाल्याला आणि कपडेवाल्या बाईंना जाऊन सांगितलं की बटणं माझी होती. बाई म्हणाल्या, "मला नका सांगू, तिला सांगा." नटांनाही कळवतोय. शनिवारी मिक्सरवर तुझं नाव द्यायला सांगितलंय. तू म्हणशील तिथे माइक लावीन, केबल ओढीन, मध्ये तोंड घालणार नाही. नाही आलीस तर बाहेरचा माणूस येईल, आणि त्यात तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

इतकी वर्षं त्याची वाट पाहिली. शनिवारी मात्र मी तुझी वाट बघत मागच्या दाराशी उभा असेन. आलीस तर जवळ येऊन हाक मार. लांबून मारलेली मला ऐकू येणार नाही.

मामा