चिकूखालची माती

तलासरी
६ मार्च २०१७

ती. निर्मलावहिनींस,
रविंद्रचा सा. न. वि. वि.

मनिषदादाला जाऊन तीन महिने झाले, म्हणून गप्प होतो. परवा वाडीत आलो तर चिकूची पाने पिवळी पडून लोंबत होती. जमीन तडकलेली, विहिरीत पाणी असून पंप बंद. दादाची झाडे तुम्ही तहानेने मारताय, असे रामाकाका चारचौघांत म्हणाले. तुमच्या माहेरी होडी होती, बाग नव्हती, हे मीही जाणतो.

माझ्या गड्याला, चिमणला, रोज पाणी सोडायला सांगितले आहे. पाडव्याला काकांसमोर वाडी माझ्याकडे घेण्याचे ठरवू.

राग मानू नये. लोभ असावा.
रविंद्र

चिखले
१५ मार्च २०१७

चि. रविंद्रभाऊजींस,
अ. उ. आ.

तुमच्या चिमणने सहा दिवस पाणी सोडले. सातव्या दिवशी मी त्याला घरी पाठवला. पाने अजून लोंबतात. मी एका झाडाखाली हातभर खणले. तडकलेल्या ढेपांखाली चिखल निघाला, मुळे काळी पडून कुजलेली.

हे गेल्या सहा दिवसांतले नाही. मी सुतकात घरात बसले होते तेव्हा तुम्हीच पंप हाती घेतलात, तो संक्रांतीपर्यंत रोज चालवलात. तुम्ही कसता त्या तुमच्या सासऱ्यांच्या मुरमाडात पाणी परवापर्यंत टिकत नाही. इथली चिकणमाती ते धरून बसते. मुळांना हवा मिळाली नाही की झाड पाण्यात उभे राहून सुकते. म्हणून मी पंप बंद केला होता.

एसटीच्या कंडक्टरकडे पिशवीभर माती दिली आहे. मूठ आवळून बघा. काकांनाही दाखवा.

आशीर्वाद आहेतच.
निर्मला

तलासरी
२४ मार्च २०१७

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

मातीचा गोळा करून ओट्यावर ठेवला. पाचव्या दिवशी फोडला, आत ओल होती. आमच्या मातीचा गोळा होतच नाही. काकांना पाडव्याची बैठक नको म्हणून कळवले. कारण सांगितले नाही. तुम्हीही सांगू नये. तुमचे शब्द मला लागले आहेत.

लोभ आहे तेवढा राहो.
रविंद्र

चिखले
३० मार्च २०१७

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

काकांनी काल विचारले. मी खरे ते सांगितले. त्यांनी मला चारचौघांत बोल लावला तेव्हा तुम्ही मान खाली घालून उभे होतात, म्हणून मीही झाकले नाही.

खाडीकडे चर काढून पाण्याला वाट करून दिली आहे. नऊ झाडे तगतील. पाच मेली. त्यांची खोडे मी मजुराकडून काढवणार नाही. तुमच्या भावाने लावली होती, तुम्हीच येऊन काढा. जेवण करून ठेवीन. बोलेनच असे नाही.

आशीर्वाद.
निर्मला