ओले हातमोजे

ग्रोनिंगन, ९ जानेवारी

प्रिय एल्को,

तू आणि गेर्टे बरे असाल. इथे तीन दिवस कालव्यावर बर्फ धरलाय. स्केट घालून उतरण्याइतका जाड नाही, पण आई रोज खिडकीतून त्याची पाहणी करते. तू बसवून दिलेल्या नव्या गॅस बॉयलरने आईचं घर छान तापतंय. हे आधीच लिहिते, कारण तुझ्या हातच्या कामात खोट नसते आणि पुढचं लिहिताना मी ते विसरायला नको.

बुधवारी आईकडे पत्ते खेळायला कुणी आलं नाही. सलग तिसरा बुधवार. तिने चार कप मांडले होते, प्रत्येक बशीत एक बिस्किट. शेजारची रुल्फीन कुंपणापाशी भेटली तेव्हा मी विचारलंच.

"तुझी आई गोड बाई आहे गं," ती म्हणाली. "पण घरं तापवायला गरम पाण्याची सामायिक लाइन यायला अठ्ठावीस घरांच्या सह्या हव्या होत्या, झाल्या सत्तावीस. तिने दिलेली सही मागे घेतली, नि आख्खी गल्ली गॅसवर राहिली. आपल्या पायांखालचा गॅस काढून काढून जमीन हादरवली त्या गॅस कंपनीने. माझ्या भिंतीतल्या भेगेत मूठ जाते, येऊन बघ!"

मी आईला हे सांगितलं नाही, तरी तिला कळलंय. म्हणाली, "एल्को म्हणाला, गॅसशिवाय जुनी घरं तापत नाहीत, त्या लाइनवर गारठून जाशील. तीस वर्षं लोकांची घरं तापवतोय तो. उगाच सांगेल का?"

मी कपबशा विसळत राहिले.

आता तुझ्या वाढदिवसाबद्दल. आपण सगळे नेहमीसारखे खुर्च्यांचा गोल करून बसलो होतो. प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं. आईचंसुद्धा, मुलगा बावन्न वर्षांचा झाला म्हणून. मी पावसात सायकलवरून आले होते. लहानपणापासूनच्या सवयीने हातमोजे वाळायला भिंतीवरच्या, बॉयलरच्या पाण्याने तापणाऱ्या रेडिएटरवर टाकले. निघताना उचलले तर तसेच ओले. रेडिएटर थंडगार होता. पायांखालची फरशी मात्र उबदार.

सायकल घ्यायला मागच्या दाराने गेले, तर शेडमागे, सरपणाच्या ढिगाआड एक पेटी घुमत होती. विजेवर घर तापवणारा उष्णता पंप. गॅसचा मीटर होता तिथे नुसती बुजवलेली नळी. तुझं घर तर आईच्या घराहून जुनं आहे, एल्को.

तू मागोमाग आलास. "आईला सांगू नकोस हं. माझं दुकान बॉयलरवर चालतं, वीपके. अजून पाच-सहा वर्षं जाऊ देत, मग लोकांनी काय हवं ते लावावं."

आणि मी म्हणाले, "बरं."

सह्यांच्या मोजणीला तेव्हा अठरा दिवस होते. त्या दिवशीच्या डायरीत मी एवढंच लिहिलंय: "एल्कोकडे वाढदिवस. सफरचंदाचा केक उत्तम." मी डायरी प्रामाणिकपणे लिहिते, असं मला वीस वर्षं वाटत होतं.

तू पंप बसवलास याचा मला राग नाही. स्वतःच्या पायांखाली ऊब घेतलीस आणि आईला गारठ्याची भीती घातलीस, याचा आहे. आणि तिच्यावर गल्ली रुसली तरी तू गप्प आहेस. बाहेरच्यांनी जमीन हादरवली तेव्हा आपण निदान ओरडलो तरी.

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला सभागृहात पुन्हा मोजणी आहे. नगरपालिका ही शेवटची संधी देतेय. तू ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग. नाही आलास तर मी सांगेन. आईला मात्र आदल्या दिवशी, बुधवारीच. तुझ्या शेडमागे काय आहे ते सांगेन आणि मला ते कधीपासून ठाऊक आहे तेही. रुल्फीन विचारेलच, "मग इतके दिवस तू का गप्प होतीस?" चार दिवस उत्तर लिहून खोडतेय. भाऊ आहे म्हणून, हे पुरेसं वाटत नाही.

आईच्या एका बाजूला मी बसेन. दुसरी खुर्ची साडेसातपर्यंत रिकामी ठेवते.

अजूनही तुझी बहीण,
वीपके