गुलाबी फेटा

रविवार, संध्याकाळ

मंगल कार्यालयातून आत्ताच आलो. दोनदा हात धुतले, तरी मठ्ठ्याचा वास जात नाही.

मागच्या लग्नात काकांनी आतेभाऊ नीलेशला फेटा बांधून घ्यायला बसवलं आणि मला विसरले. आज त्यांच्याच मुलीचं लग्न. पुन्हा बोडक्या डोक्याने उभं राहायचं नव्हतं, म्हणून सकाळी मंडईजवळ स्वतःच गुलाबी फेटा बांधून घेतला. आईला सांगितलं, काकांनी खास माझ्यासाठी पाठवला. किती खूश झाली! रिक्षात सारखी फेट्याला हात लावून बघत होती.

कार्यालयात घरच्यांचे फेटे केशरी. गुलाबी फक्त वाढप्यांचे.

लगेच का नाही काढला? पण आईसमोर कसा काढणार? पंगतीत एक आजी म्हणाल्या, "अहो, मठ्ठा आणता का जरा?" मी नवरीचा भाऊ, एवढं म्हणता आलं नाही. आणला. मग सगळ्या पंगतीला वाढला. केशरी फेट्यातला नीलेश म्हणाला, "वा! आम्हालाही वाढा की साहेब. सांडू नका फक्त." त्यालाही वाढला.

आईने पाहिलं असेल का? आता त्या गुलाबी फेट्याची घडी घालत बसली आहे. मघाशी मान वर न करता म्हणाली, "उद्या काकांना फोन करते. एवढ्या आठवणीने पाठवला, आभार मानायला नकोत?"

तिला सगळं कळलंय, की काहीच नाही? दोन्हींतलं कोणतं बरं, तेही मला ठरवता येत नाही.