दोन माइकची डबी

बाई, माझी एक तक्रार आहे. साबणाच्या वडीएवढ्या एका डबीला पुढून सहा गुंड्या, मागून चार भोकं आणि वर एक लाल दिवा असावा, आणि त्या दिव्याने चोपन्न वर्षांच्या गृहस्थावर दर दोन वाक्यांनी डोळे वटारावेत, हे कुठल्या शास्त्राला धरून आहे ते मला कळेनासं झालंय. जरा आवाज चढला की दिवा पेटतो. सोबतच्या पुस्तिकेत अकरा भाषा आहेत. मराठी नाही, संस्कृतही नाही, म्हणजे मी ज्या दोन भाषांत परीक्षा दिल्या त्या एका फटक्यात बाद. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, त्यामुळे सांगायला हवं की या डबीला साउंड कार्ड म्हणतात. एरवी ते कॉम्प्युटरच्या पोटातच असतं, पण आमच्या कॉम्प्युटरच्या पोटातल्याला माइक लावला की बोलण्यामागे कायम कुणीतरी घोरतंय असं ऐकू येतं. म्हणून हे बाहेरचं, वायरीने जोडायचं.

मला ते कशाला हवं, हेही सांगून टाकतो. माझ्या घशात गाठ आहे. सोमवारी स्वरयंत्र काढणार आहेत. नंतर शिकून काहीतरी बोलता येतं म्हणतात, पण तो आवाज आपला नसतो. हॉस्पिटलमधल्या वाचा शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, तोवर घरात रोज लागणारी वाक्यं स्वच्छ रेकॉर्ड करून ठेवा, मग बटण दाबलं की तुमच्याच आवाजात बोलता येईल. मी मान डोलावली. मनात आलं, स्वच्छ बोलण्याचं शिक्षण तर आपल्याकडे बाईंचं आहे, काळजी काय.

मालाडला स्टेशनजवळ एक दुकान आहे, तिथे गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, मुंबईत मुरलेला. "सिंगिंग का पॉडकास्ट, साहेब?" मी म्हटलं, बोलणं. त्यावर नुसतं बोलायला कोण एवढं घेतं, फोन आहे ना, असं त्याचं मत पडलं. तरी त्याने दोन डब्या काढल्या, एक एका माइकची आणि एक दोन माइकची. एका माइकचीला आपलाच आवाज कानात जरा उशिरा येत होता, म्हणजे मी बोलतो आणि मागे बसलेला कुणी ढ विद्यार्थी संथा म्हणतो. दोन माइकचीत तो लगेच येत होता. मी एका माइकचीवर समाधान मानायला तयार होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "दोनवाली द्या." मी विचारलं, दुसरा कशाला? "का? मी काय गप्प बसू?" दुकानदार हसला आणि डबी खोक्यात भरता भरता म्हणाला, "साहेब, तुमचा आवाज बसेल, पण ही बसणार नाही." बायको छताच्या पंख्याकडे बघत राहिली. बिचाऱ्याने रोजच्यासारखाच मालाचा गुण सांगितला होता. मी त्याला थँक्यू म्हटलं.

विक्रोळीत आमच्या शेजारची इमारत पाडून नवी चाललीय. दिवसभर जमिनीत खांब ठोकतात, फक्त एक ते दोन जेवणाची सुट्टी असते. तेवढा एक तास माझा. कपाटाच्या दारांवर गोधड्या टाकल्या, डबी टेबलावर ठेवली आणि पहिले तीन दिवस मी काय केलं असेल? स्तोत्रं म्हटली. विभक्त्या म्हटल्या. तुम्ही पाठ करून घेतलेलं सगळं, श आणि ष वेगवेगळे ठेवून. चौथ्या दिवशी बायको लाटणं हातात घेऊनच दारात आली. "अहो, मी भाजी आणायला निघाले की पेटीतून रामौ रामाः ऐकू का? कोथिंबीर आण म्हणायचं असलं तर काय म्हणणार आहात?"

मग आम्ही यादी केली. पाणी दे. गॅस बंद केलास का. कोण आलंय बघ. मला नको, तू खा. औषध घेतलं. सगळी वाक्यं म्हटली, दिवा एकदाही पेटला नाही. तिने हेडफोन लावून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "स्पष्ट आहे." बत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या कशालाही स्पष्ट म्हटलेलं नाही. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "हे तुम्ही नाही हो. बक्षीस समारंभात उभे राहिल्यासारखे पाणी मागताय."

बाई, मला आठवीतला वर्ग आठवला. मी नवा, वडील कारखान्यात, घरात सगळी मालवणी. तुम्ही मला उभं करता, मी श्लोक म्हणतो, माझा सूर आमच्या चाळीतल्यासारखा वर जातो आणि वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. तुम्ही म्हणता, "हे घरचं बोलणं चपलांबरोबर बाहेर काढून ये." दुसऱ्या दिवशी पर्समधला लहान गोल आरसा मला देऊन टाकता, जीभ कुठे लागते ते बघायला. तो घेऊन मी मोरीत उभा असायचो. आई म्हणायची, "आमचो झील भटजी झालो." वर्षाच्या शेवटी पहिलं बक्षीस मिळालं. मरोळच्या कंपनीत पुढे आभाराची भाषणं, सोसायटीतली निवेदनं, सगळं माझ्याकडेच आलं ते तुमच्यामुळे. मी कृतज्ञ आहे, आणि हे मी खवचटपणे म्हणत नाही. पण ते चपलांबरोबर काढलेलं बोलणं मी रोज संध्याकाळी दारात पुन्हा पायात घालत होतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आता ते माइकसमोर येत नाही. बायकोने दुसरा माइक लावला आणि मुद्दाम भांडण काढलं, तिच्या भावावरून, जो विषय आमच्याकडे कधीच वाया जात नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, डबीकडे लक्ष गेलं, पाठ ताठ झाली आणि कर्ता, कर्म, क्रियापदासहित वाक्य बाहेर पडलं. ती हसली, मग हसायची थांबली. जुन्या फोनमध्ये शोधलं. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत मी केटररचे आभार मानतोय. डबी दिवसभर चालू ठेवून बघितली. खांब ठोकल्याचा आवाज उत्तम आलाय, आणि मधून मधून एक सभ्य गृहस्थ चहा मागतोय. चालू आहे हे मला माहीत असतं ना.

परवा ती म्हणाली, "जाऊ दे ते सगळं. मी हाक मारल्यावर 'काय गो' म्हणता, तेवढं एक म्हणा." मी म्हटलं. चाळीस वेळा तरी म्हटलं असेल. प्रत्येक वेळी पुस्तकातून वाचल्यासारखं. शेवटी घसाच बसला आणि तिने माझ्यासमोरून माइक हलवला.

आज सकाळी तिने स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं, मी पेपरातून मान वर न करता "काय गो" म्हणालो, आणि ते बरोबर आलं. ती पिठाचे हात घेऊन धावत आली, कुठली गुंडी फिरवायची ते तिला सुचेना, मलाही सुचेना. तोवर ते झालं होतं. ती म्हणाली, "आता परत म्हणू नका. बिघडेल."

उद्या शनिवार, आणि एक ते दोनचा तास आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्नच नाही. मुकं होण्याची मला फारशी भीती वाटत नाही, बाई. सोमवारनंतर मी बटण दाबेन, तुमचा विद्यार्थी तिच्याशी बोलेल, आणि ती माझं मन राखायला चांगलं येतंय म्हणेल. ते ती किती वर्षं म्हणत राहील, याची मला भीती वाटते.