कॉम्प्युटरचा दमा

८ जानेवारी
आज कॉम्प्युटर आला! काळाभोर डबा, वर हा एवढा पडदा. डबा टेबलाखाली बसवला, पडदा टेबलावर. मी खुर्ची टाकून सगळं पाहिलं. लग्नात नवरी उतरवून घेताना पाहतात तसं.

यापुढे सूनबाई ऑफिसला जाणार नाही. घरी बसूनच काम करणार. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी जिना बंद केलाय, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती लोकांना वर नेण्यापेक्षा मध्ये अडकवण्यासाठी प्रसिद्ध आहे. मुलगा म्हणाला, आईला दिवसभर एकटं कसं ठेवायचं? सूनबाईच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, महिनाभर करून बघा, काम अडलं नाही तर कायमचं घरूनच करा.

मला तसं कुणी लागत नाही. मी एकटीसुद्धा मजेत असते. पण त्यांची इच्छा.

नात हॉस्टेलवरून फोनवर म्हणाली, आजी, तू इतकं बोलतेस, त्यातलं थोडं लिहून काढत जा, आईला तेवढाच आराम. मी चौथी पास. पण अक्षर चांगलं आहे. लिहिते.

निश्चय : काम चालू असताना सूनबाईच्या खोलीत जायचं नाही. गेलं तरी बोलायचं नाही.

९ जानेवारी
निश्चय सव्वादहापर्यंत पाळला.

सूनबाई कारखान्यांसाठी पाइपांची ड्रॉइंग काढते. कुठून पाणी येणार, कुठून वाफ जाणार. पडद्यावर पाइप गरागरा फिरवून दाखवते. मी दोनच गोष्टी सांगायला गेले होते. एक, दूधवाला उद्या उशिरा येणार. दुसरी, माझ्या मावसदिरांच्या पित्ताशयातला खडा. खड्याला थोडा वेळ लागला, कारण तो पहिल्यापासून सांगितला नाही तर समजत नाही. ती कानात यंत्र घालून ऐकत होती. मध्येच म्हणाली, येस मॅडम. घरच्या माणसाला मॅडम कशाला म्हणायचं? पण आदर आहे, हे खरं.

११ जानेवारी
डब्याची खोळ विणून झाली!

उघडं यंत्र मला बघवत नाही. आमच्याकडे मिक्सरला खोळ, रेडिओला खोळ, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा टोपडं. मग हा एवढा महागाचा डबा लाजेने मरत असेल नाही? मरून लोकर, कडेला हिरवी पानं, आतून जुन्या दुलईचं अस्तर. बटणासाठी भोक ठेवलं, त्यावर छोटा पडदा, त्याला टिचबटण. मागून वायरींसाठी चीर. असं काम आता कुणी करत नाही.

घातल्यावर सूनबाईला बोलावलं. ती बराच वेळ बघतच राहिली. मग म्हणाली, आई, अगदी घट्ट बसलीय हो. गहिवरली होती.

१२ जानेवारी, दुपारी
कॉम्प्युटर बंद पडला. आपोआप. ड्रॉइंग अर्धं झालं होतं, तेही गेलं. सूनबाई डोक्याला हात लावून बसली. मी पाठीवरून हात फिरवला आणि तिचं मन रमावं म्हणून खड्याचं उरलेलं सांगितलं.

बंद पडायच्या आधी डब्यातून धाप लागल्यासारखा आवाज येत होता. घुं... घुं... सासरे जिना चढून आले की अगदी असेच करायचे. माझं निदान : थंडी बाधली. फरशी गार, खिडकी उघडी, डोक्यावर पंखा. खिडकी लावून घेतली. पंखा बंद. डब्याखाली सतरंजीची घडी.

आता बघा कसा चालतो.

१५ जानेवारी
चालत नाही. काल दोनदा, आज तीनदा.

संध्याकाळी मुलगा बसला. त्याचं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे त्याला वाटतं कोणताही आजार त्याला कळतो. अपडेट केलं. प्लग बदलला. मग म्हणाला, आतलं सगळं पुसून नव्याने घालतो. जेवण टेबलावर निवून गेलं. खोळीतली चीर चाचपून वायरी काढल्या, घातल्या, पण खोळीबद्दल अवाक्षर नाही. या घरात वाढलाय तो. खोळ त्याला दिसतच नाही, जशी भिंत दिसत नाही.

मी म्हटलं, अरे, त्याला ऊब दे. तो म्हणाला, आई, तू जरा गप्प बस. मी डब्याखाली सतरंजीची आणखी एक घडी सरकवली.

१७ जानेवारी
कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. तासभर गाणं वाजलं, मग एक मुलगी आली. फोन मोठ्या आवाजावर होता म्हणून मी ऐकलं, नाहीतर मी ऐकणारी नाही. तिने विचारलं, मशीन मोकळ्या हवेत ठेवलंय ना? त्यावर काही झाकलेलं नाही ना?

सूनबाई म्हणाली, छे, एकदम मोकळं.

आता खिडकी बंद, पंखा बंद, आणि मोकळं कसलं? पण ती परक्या माणसाला घरातलं सांगत नाही. हा गुण फार थोड्या मुलींत असतो.

उद्या दुरुस्तीवाला येणार.

१८ जानेवारी
दुरुस्तीवाला आला. टक्कल आहे, पण स्वभावाने बरा.

परका माणूस येणार म्हणून सकाळीच सगळ्या खोळी काढल्या. सोफ्याच्या, टीव्हीच्या, डब्याचीसुद्धा. पाहुण्यासमोर वस्तू खोळीत ठेवायच्या नसतात, त्याला वाटतं आपल्यापासून लपवतायत. त्याच्यासाठी खिडकी उघडली, पंखा लावला.

त्याने डब्याला कसलीशी परीक्षा लावली. म्हणाला, आजी, याला आता मी दोन तास पळवणार, दोष असेल तर पडेलच. दोन तास झाले. पडला नाही. धापसुद्धा नाही. मी मनात डब्याला म्हटलं, मेल्या, माझी लाज काढतोस होय! दुरुस्तीवाल्याने खांदे उडवले, सही घेतली आणि गेला.

तो गेल्यावर मी सोफ्याच्या खोळी चढवत होते, एवढ्यात सूनबाईने डब्याची खोळ स्वतः घातली. टिचबटणसुद्धा लावलं. मला सांगावंसुद्धा लागलं नाही.

१९ जानेवारी
पुन्हा पडला. बाराच्या सुमारास. परक्यासमोर शहाणा, घरात द्वाड. मुलगा लहानपणी असाच होता.

२३ जानेवारी
दुरुस्तीवाला पुन्हा आला. पुन्हा खोळी काढल्या. या वेळी त्याने डबा उघडून आतल्या हिरव्या पट्ट्या बदलल्या. म्हणाला, आता शंकाच नको. मी त्याला माझं निदान सांगितलं. तो म्हणाला, आजी, मशीनला थंडी वाजत नाही, उलट ते... तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, घ्या, निवतोय. त्यामुळे त्याचं बोलणं अर्धंच राहिलं. ऐकण्यासारखं नव्हतंच.

२४ जानेवारी
पडला.

मॅडमचा फोन. ड्रॉइंग वेळेवर जात नाहीत, गिऱ्हाईक ओरडतंय. आठवडाभर बघेन, नाहीतर पहिल्या तारखेपासून ऑफिसला या. सूनबाईने मला हे अगदी पडलेल्या आवाजात सांगितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन गुणगुणत भांडी लावू लागली. दुःख लपवत होती. मला कळतं.

मला स्वतःचं काही नाही. मी एकटी मजेत असते, हे मागे लिहिलंच आहे. ऑपरेशननंतरचे दिवस नाही का काढले? सकाळी नऊला दोघं जायचे, बाहेरून कुलूप. किल्ली माझ्याकडे ठेवली तर मी जिना उतरेन, अशी भीती. मग खुर्ची ते खिडकी, खिडकी ते खुर्ची. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसते, फक्त पाइप आणि बंद झरोके. औषधांच्या बाटल्यांवरचं बारीक छापलेलं मोठ्याने वाचायचे. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. एकदा राँग नंबर आला, तो बिचारा पाऊण तास होता.

म्हणजे वाईट नव्हतं. पण डबा बरा व्हायला हवा. एवढा महागाचा.

निश्चय : आता मी स्वतः लक्ष घालणार.

२६ जानेवारी
लक्ष घातलं.

एक : खोळीवरून माझी जाड शाल, दोन पदरी. दोन : डबा टेबलाखालून सरकवून कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या सापटीत बसवला. तिथे वाऱ्याची झुळूकही नाही. गुडघा दुखला, पण सूनबाईने एका बाजूने धरून मदत केली. म्हणाली, अजून आत जाईल आई, ढकला.

धाप एकदम बंद! आवाजच येईना. मी म्हटलं, बघ, उतार पडला. ती म्हणाली, तुमच्या हाताला गुण आहे.

२७ जानेवारी
मॅडमबरोबर मोठी मीटिंग चालू असताना पडला. या वेळी तर नंतर चालूच होईना. शालीला हात लावला तर छान ऊब लागली. एवढी ऊब मिळूनही थंडी जात नाही म्हणजे डबा मुळातच अशक्त. दुकानदाराने फसवलं.

२९ जानेवारी
आज फार झालं.

दुरुस्तीवाला न सांगता आला. म्हणे, शेजारच्या इमारतीत काम होतं. मुलगा दुकानात जायचा होता, त्याने दार उघडलं. मला खोळी काढायला वेळच मिळाला नाही. सोफासुद्धा खोळीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो खोलीत गेला आणि उभाच राहिला. शाल काढली. खोळ काढली, दोन बोटांनी, मेलेला उंदीर उचलावा तशी. डबा उघडला तर आतल्या छोट्या पंख्याला माझी मरून लोकर गुंडाळलेली. म्हणाला, आजी, हा गारठला नव्हता, गुदमरला होता. आतली गरम हवा बाहेर जायला वाट नाही, मग तो जीव वाचवायला स्वतःच बंद होतो. मी आलो की बरा चालायचा तो कशामुळे? मी म्हटलं, तुमच्या धाकाने.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग बायकोकडे वळला आणि म्हणाला, अगं, तू दिवसभर त्याच्या शेजारी बसतेस, तुला दिसलं नाही?

सूनबाई म्हणाली, दिसलं ना. पण आईंनी इतक्या प्रेमाने विणलेलं, मला कसं काढवेल?

मला रडूच कोसळलं. नोकरी पणाला लागली, पण पोरीने सासूचं मन मोडलं नाही! दुरुस्तीवाला तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत होता. तिने त्याला चहा दिला. बिस्किटं पण दिली, क्रीमची.

लोकर काढल्यावर डबा पळू लागला. मुलगा म्हणाला, चला, सुटलो, आता मॅडमना कळव, घरूनच काम करेन म्हणून. सूनबाई म्हणाली, अहो, मी त्यांना सोमवारीच सांगून टाकलं, पहिल्यापासून येते. आता शब्द कसा फिरवायचा?

शब्दाची पक्की. काय बोलणार.

१ फेब्रुवारी
गेली. नवी पर्स, नव्या चपला. चपला महिन्यापूर्वीच घेऊन ठेवल्या होत्या म्हणे. दूरदृष्टी लागते. लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही, चार मजले उतरताना टाचांचा आवाज तळापर्यंत ऐकू आला. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून घाई केली असणार.

मग मुलगा. मग कुलूप.

जाताना म्हणाला, आई, कॉम्प्युटर रिकामाच आहे, तूच वापर. चालू करून दिलाय.

निश्चय : आठवडाभरात कॉम्प्युटर शिकायचा. मग नातीशी पडद्यावर बोलायचं, बातम्या वाचायच्या, मॅडमना एक पत्र टाकायचं.

२ फेब्रुवारी, दुपारी तीन
शिकायला बसले. बटण मीच दाबलं. डबा सुरेख चालतो. धाप नाही की काही नाही. पडद्यावर डोंगराचं चित्र आहे. बराच वेळ डोंगर बघितला. मग म्हटलं, आता बसलोच आहोत तर बोलावं. खड्याची गोष्ट पहिल्यापासून काढली. मध्ये येस मॅडम नाही, काही नाही. ऑपरेशनच्या खोलीपर्यंत आले आणि पडदा काळा झाला!

पडला! मी टाळीच वाजवली. म्हणजे दोष खोळीचा नव्हताच, मी म्हणत नव्हते? आता सूनबाईला घरी येऊन बघावंच लागणार. लगेच ऑफिसात फोन लावला. म्हटलं, अगं पडला, पूर्ण पडला, मॅडमना सांग आणि निघ.

फोनवर तिच्या मागे कुणीतरी खळखळून हसत होतं. तिच्या आवाजातही हसू होतं. म्हणाली, आई, माऊस जरा हलवून बघा.

हलवला. डोंगर आला.

बंद पडला नव्हता. बराच वेळ कुणी हात लावला नाही की झोपतो म्हणे.

मी बोलत होते तेव्हा.