हरकतरावांचा हात

१ मार्च, सकाळ
नवी वही. ही फक्त माझ्यासाठी. बायकोने चोरून वाचली तर होणाऱ्या मनस्तापाला ती स्वतः जबाबदार.

नगरभवनाची मागची भिंत रंगवायला एकच कलावंत नेमणार आहेत. तीन मजली भिंत! अर्ज टाकला. अर्ज कसला, त्यांना एक चान्स दिला. बारा वर्षं मी या शहराच्या भिंतींवर हरकतराव उभे करतोय. काळा कोट, ताठ मान, उजवा हात वर, पंजा उघडा. म्हणजे बस्स झालं, आमची हरकत आहे. कशाला? सगळ्याला. आजवर चाळीस काढले. एकही कोणी पुसलेला नाही. टरकतात.

बायकोशी करार झाला. भिंत मिळाली तर तिने नोकरीचा विषय जन्मात काढायचा नाही. नाही मिळाली तर मी मिळेल ती नोकरी धरायची. ताबडतोब हो म्हटलं. हरायचा प्रश्नच कुठे येतो?

२ मार्च
संकल्प. रोज सहाला उठणे. रोज दहा स्केचेस. चहा एकच.

३ मार्च, सकाळी ९.३०
आत्ता उठलो. कलावंताचं झोपेतही काम चालू असतं. चहा तीन.

५ मार्च
कमिटीला दाखवायला लोकांच्या प्रतिक्रिया गोळा करायच्या म्हणून दवाखान्याच्या कोपऱ्यावरच्या हरकतरावांसमोर जाऊन बसलो. थक्क झालो! सव्वाआठपासून त्यांच्या शेजारी अकरा माणसं ओळीने उभी. चिडीचूप. वर कोणी बघत नव्हतं, सगळे रस्त्याकडे बघत होते. हरकतरावांच्या नजरेला नजर द्यायला छाती लागते. पावणेनऊला बस आली आणि सगळे तिच्यात बसून गेले. माझे चाहते पांगवायला सरकार बस पाठवतं. नोंद करून ठेवतो.

५ मार्च, संध्याकाळ
बायकोला सांगितलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली की ती माणसं बसचीच वाट बघत होती. तिथे खांब नाही, पाटी नाही, पण वर केलेला हात बघून ड्रायव्हर गाडी थांबवतात. ती स्वतः चार वर्षं तिथूनच कारखान्याची बस पकडते म्हणे.

चार वर्षं! नवऱ्याच्या कलाकृतीला खेटून उभी राहते आणि हिला काय दिसतं, तर बस. बोलणं बंद केलं. जेवताना मीठ मागावं लागलं, तेवढंच बोललो.

८ मार्च
शेजारचे मास्तर भेटले. भूगोल शिकवायचे, आता रिटायर झालेत. त्यांना खात्री करून घ्यायला विचारलं. म्हणाले, खरंच आहे, अख्खं गाव त्या चित्राला हातवाला म्हणतं. त्यांची पत्रंसुद्धा हातवाल्याच्या मागे, दुसरं घर, अशी येतात. मी सांगितलं की त्यांचं नाव हरकतराव आहे. मास्तरांनी विचारलं, हे कोण, नवीन भाडेकरू का? नमस्कार करून निघालो. अशा माणसाने मुलांना काय नद्या शिकवल्या असतील!

११ मार्च, रविवार
ठरलं. कलेचा असा गैरवापर चालू देणार नाही. दुपारी बाजार झोपलेला असताना स्टूल घेऊन गेलो. वर केलेला हात पुसला, दोन्ही हातांची छातीवर घडी घातली. आता बघू कोण थांबतं ते. हरकतराव पूर्वीपेक्षा जास्त बाणेदार दिसतात.

१२ मार्च
कोणी थांबलं नाही. बससुद्धा. बायकोची अर्धी रजा गेली. दवाखान्यातून घरी निघालेल्या एका आजोबांना पुढच्या चौकापर्यंत चालावं लागलं, तेही काठी घेऊन. घरी आल्यावर बायकोने ताट असं काही आदळलं की वाटी उडाली. मी शांतपणे म्हटलं, इतिहास माझी नोंद घेईल. ती म्हणाली, कारखान्याच्या गेटवर इतिहास नसतो, वॉचमन असतो, आणि त्याने नोंद घेतली आहे.

आजोबांचं जरा वाईट वाटलं. पण क्रांतीत थोडं चालावं लागतंच.

१३ मार्च
हद्द झाली!! कोणीतरी कोळशाने हरकतरावांना नवा हात काढला. घडी तशीच, वर खांद्यातून हा तिसरा. फावड्यासारखा. दुसऱ्याच्या चित्रावर, न विचारता, भर रस्त्यात चित्र काढायचं? काही रीतभात? तडक पोलीस चौकीत गेलो. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या मूळ चित्राला परवानगी कोणाची होती म्हणून विचारलं. मला अचानक एक काम आठवलं.

१५ मार्च
घडी पुसून जुना हात परत काढला. ही माघार नव्हे. ते फावडं डोळ्यांना बघवत नव्हतं, एवढंच. काढत असताना मागे सहा जण येऊन उभे राहिले. एका बाईने, लवकर आटपा, आठ चाळीसची येईल, अशी घाई केली.

१९ मार्च
कमिटी आली! दोन गृहस्थ आणि फाईलवाल्या एक बाई. मी औषधाच्या दुकानातल्या वजनकाट्यामागे दबा धरून होतो. तिघं हरकतरावांच्या शेजारी उभे राहिले. बाईंनी घड्याळ पाहिलं. भारावलेल्या माणसाला वेळेचं भान राहत नाही, म्हणून बघावं लागतं. तेवढ्यात बस थांबली आणि तिघंही चढून गेले. फाईल उघडलीसुद्धा नाही. उघडायची गरजच काय! भिंत आपली.

बायकोला म्हटलं, तीन मजली शिडीची चौकशी करून ठेव. ती उठून आत गेली. आनंदाने असेल.

२४ मार्च
नाही मिळाली.

फुलं काढणाऱ्याला दिली. फुलं! तीन मजली फुलं! पत्रात लिहिलंय, आपण अर्जात म्हटलेली हरकत चित्रात आढळली नाही.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. जेवलो नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि कराराबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिने काढायला हवं होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

२६ मार्च
दुसरं पत्र. बस कार्यालयाचं. शहरातल्या सगळ्या थांब्यांवर ते हातवाल्याची पाटी लावणार आहेत. पिवळ्यावर काळा. लोकांना दुसरी कुठली खूण पटतच नाही म्हणे. ते काम कायमचं करायला मी यावं. नोकरी. डब्याची सुट्टी, गणवेश.

गणवेश! हरकतरावांच्या जन्मदात्याला! करारात मिळेल ती नोकरी असं आहे, अपमान करेल ती नोकरी असं नाही. पत्राने नकार कळवणार नाही. उद्या समक्ष जाऊन तोंडावर फेकणार. बायको म्हणाली, जा, पण इस्त्रीचा शर्ट घाल.

२७ मार्च, दुपार
भाषण पाठ करताना निघायला उशीर झाला. धावत कोपऱ्यावर पोचलो तर बस सुटत होती. हात वर केला. थांबली. मागच्या बाईने चढा की हो म्हणून ढकललं. चढलो.

वाटेत आपले सात हरकतराव. प्रत्येकापाशी गाडी थांबली, माणसं चढली, उतरली. एकानेही त्यांच्याकडे पाहिलं नाही. मीही नाही, मी भाषणाचा दुसरा परिच्छेद घोकत होतो.

साहेबांच्या खोलीत गेलो, घसा साफ केला. त्यांनी आधी पाटीचा नमुना पुढे ठेवला. आपलेच हरकतराव, पण काहीतरी वेगळं दिसलं. विचारलं, काय बदललंत? साहेब म्हणाले, अंगठा. मूळ चित्रात उलट्या बाजूला आहे. आमच्या शिपाईबाईंनी पकडलं.

बाई दारातच उभ्या होत्या. संकोचून म्हणाल्या, सहा वर्षं रोज त्यांच्याच शेजारी उभी राहते, बघायला दुसरं असतंच काय. एकदा त्यांच्यासारखा उजवा हात वर करून बघितला, तर माझा अंगठा डोक्याकडे आणि त्यांचा रस्त्याकडे. वाटलं, चित्रकाराने मुद्दाम केलं असेल.

मी तिथेच हात वर केला. अंगठा डोक्याकडे.

चाळीस भिंती. बारा वर्षं. परवा दुरुस्त केलेला धरून एकेचाळीस वेळा.

भाषण कुठे गेलं कोण जाणे. रडू आलं, आणि त्याचं कारण फक्त अंगठा नव्हता. सहा वर्षं कोणीतरी रोज बघत होतं. साहेबांनी पाणी मागवलं.

सही केली. सोमवारपासून, सकाळी आठ. मग बाईंना विचारलं, आणखी काही चुकलंय का?

त्या म्हणाल्या, बसा निवांत. कोटापासून सांगते.